उसातील बिबट्या आणि मारण्याचा प्रश्न : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

मानवी वस्तीजवळ आलेल्या हिंस्र श्वापदास ठार मारावे किंवा नाही, हा प्रश्न आज जगाच्या अनेक भागांत वादाचा विषय झाला आहे. रुमानियाच्या संसदेने २०२४ साली अस्वलांच्या शिकारीची वार्षिक मर्यादा वाढवून ४८१ केली. स्लोव्हाकियाच्या सरकारने २०२५ मध्ये सुमारे ३५० अस्वले मारण्यास मान्यता दिली. त्याच वर्षी जपानमध्ये अस्वलांच्या हल्ल्यांत इतकी माणसे दगावली की अकिता प्रांतात सापळे लावण्याच्या कामी मदत म्हणून सैन्य पाठवावे लागले. या तिन्ही देशांतील चर्चेचा रोख साधारणतः एकच आहे. डोंगरातील प्राणी भरकटून वस्तीत येतो, तेव्हा त्याच्याशी कसे वागावे, हा तो रोख होय.

आपल्या जिल्ह्यात हाच प्रश्न बिबट्याच्या रूपाने उभा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये पाथर्डी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन बालकांचा बळी गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोपरगाव तालुक्यातील टाकळी व येसगाव परिसरात काही दिवसांच्या अंतराने एक बालिका व एक वृद्ध महिला मृत्युमुखी पडल्या. संतप्त ग्रामस्थ रस्त्यावर उतरले आणि त्यानंतर वनविभागाने एका बिबट्यास गोळ्या घालून ठार केले. शेजारच्या पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, पिंपरखेड परिसरात, त्याच सुमारास याच क्रमाने घटना घडल्या. प्रथम मृत्यू, मग रास्ता रोको, मग गोळी, असा एक क्रमच जणू ठरून गेला आहे. या क्रमात विचारविनिमयास कोठेच जागा उरत नाही, ही बाब चिंताजनक आहे.

सदर प्रश्नाची चर्चा बहुधा वन्यजीवशास्त्र अथवा कायदा या अंगांनी होते. प्रस्तुत लेखात ती इतिहासाच्या अंगाने करण्याचा प्रयत्न केला आहे. 'बिबट्या जंगलातून भरकटून गावात आला' हे विधान मुळात एक ऐतिहासिक विधान आहे, आणि अहिल्यानगर जिल्ह्यापुरते तरी ते तपासून पाहणे आवश्यक आहे. कारण हे विधान चुकीचे असेल, तर त्यावर आधारलेले उपायही चुकणार, हे उघड आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. (१) श्वापदास मारण्याविषयीच्या शासकीय धोरणाचे वसाहतकाळापासूनचे टप्पे पाहणे. (२) कालवा व ऊस यांच्या प्रसाराचा बिबट्याच्या वावराशी असलेला संबंध तपासणे. (३) 'मारावे' आणि 'मारू नये' या दोन्ही पक्षांच्या म्हणण्याचे या इतिहासाच्या आधारे मूल्यमापन करणे.

लेखात ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अधिकृतपणे बदलले. तथापि, त्यापूर्वीच्या काळाविषयी लिहिताना तत्कालीन नावच वापरले आहे.

वाघोबा आणि शिवाराची सीमा :

जिल्ह्याच्या पश्चिमेकडील अकोले तालुका हा सह्याद्रीच्या कुशीतील डोंगराळ प्रदेश आहे. कळसूबाई व हरिश्चंद्रगड यांच्या परिसरातील महादेव कोळी व ठाकर समाजात वाघोबाला देव मानतात. आश्विन वद्य द्वादशीस अन्यत्र वसुबारस साजरी होते, त्या दिवशी येथे वाघबारस असते. वाघोबाच्या ठाण्यापाशी नैवेद्य दाखविला जातो. गुराख्यांच्या मुलांपैकी काहींना वाघ, अस्वल यांची सोंगे देऊन त्यांना शिवाराबाहेर पिटाळून लावण्याचा खेळही खेळला जातो. येथील बोलीत बिबट्यासही पुष्कळदा 'वाघ'च म्हटले जाते, हे लक्षात घेतल्यास या सणाचा रोख ध्यानात येतो.

या विधीत वाघ मारला जात नाही. त्याला मान दिला जातो आणि त्याच वेळी त्याची सीमाही दाखवून दिली जाते. गुरांचा वाडा आमचा व रान तुझे, अशी ही वाटणी आहे. अर्थात, या प्रथेचे अवास्तव उदात्तीकरण करणे योग्य होणार नाही. डोंगरातील समाजांना शिकार व सापळे परिचित होते, आणि गुरे नेणाऱ्या जनावराचा पाठलागही होत असे. तरीही येथे एक गोष्ट महत्त्वाची ठरते. कोणत्या जनावराला हाकलायचे आणि कोणत्याचा बंदोबस्त करायचा, याचा निर्णय त्या जनावराच्या शेजारी राहणारी माणसे घेत होती. जनावराच्या सवयी त्यांना माहीत होत्या आणि निर्णयाचे परिणामही त्यांनाच भोगावे लागत होते. पुढील दीडशे वर्षांच्या इतिहासात हा निर्णयाधिकार गावाच्या हातून क्रमाक्रमाने निघून गेला.

वसाहतकालीन बक्षीस-पद्धती :

मुंबई इलाख्याच्या जिल्हा गॅझेटिअरांमध्ये वन्य प्राण्यांची माहिती 'उत्पादन' या प्रकरणात येते. खनिजे, झाडे व पाळीव जनावरे यांच्या पाठोपाठ वन्य प्राण्यांची नोंद होते. १८८४ साली प्रसिद्ध झालेले अहमदनगरचे गॅझेटिअर याच मालिकेतील आहे. ही मांडणी केवळ सोयीची नव्हती. महसूल देणारी जमीन आणि त्या महसुलात अडथळा आणणारी जनावरे, असा विचार तिच्यामागे होता. पडीक जमीन लागवडीखाली आणायची तर श्वापदांचा नायनाट करणे हे सरकारचे कर्तव्य ठरले.

त्याकरिता ब्रिटिश शासनाने बक्षिसाची पद्धत अवलंबिली. वाघ, बिबट्या, लांडगा अशा जनावरांच्या वधाबद्दल ठरावीक रक्कम दिली जाई आणि पुरावा म्हणून जनावराचे कातडे वा मुंडके कचेरीत हजर करावे लागे. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींच्या आधारे दाखविल्याप्रमाणे, १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत भारतात बक्षिसासाठी ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० हून अधिक बिबटे आणि सुमारे २,००,००० लांडगे मारले गेले. हे आकडे केवळ बक्षीस दिल्याच्या नोंदींचे आहेत. ज्यांची नोंदच झाली नाही, अशा वधांचा त्यांत समावेश नाही.

या पद्धतीची दोन वैशिष्ट्ये प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले असे की, बक्षीस हे जातीवर होते, व्यक्तीवर नव्हते. माणसावर हल्ला करणारा बिबट्या आणि आयुष्यभर माणसाच्या वाऱ्यालाही न फिरकलेला बिबट्या, या दोघांच्या कातड्याची किंमत सारखीच होती. बक्षीस मिळविणाऱ्याच्या दृष्टीने जो सहज हाती लागेल तो मारणे फायद्याचे होते. त्यामुळे धोकादायक जनावर नेमके टिपले जाईल, याची कोणतीही खात्री या पद्धतीत नव्हती.

दुसरे वैशिष्ट्य शस्त्रांसंबंधीचे आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदूक बाळगण्यावर परवान्याचे निर्बंध आले. म्हणजे शेतकऱ्याने जनावर मारावे अशी सरकारची अपेक्षा होती, परंतु ते मारण्याचे साधन त्याच्या हाती सहजासहजी द्यावयाचे नव्हते. परिणामी विष, खड्डे व सापळे यांचा वापर होत राहिला आणि बंदुकीची शिकार हा प्रामुख्याने अधिकारी, संस्थानिक व परवानाधारक यांचा विषय बनला. वाघ, बिबटे संपल्यास हरणे व रानडुकरे वाढतील आणि पिकांचे नुकसान अधिक होईल, अशी शंका त्या काळातील काही अधिकाऱ्यांनीही व्यक्त केली होती. मारण्याविषयीचा वाद हा पर्यावरण चळवळीच्या काळात प्रथमच निर्माण झाला, असे समजणे त्यामुळे बरोबर ठरत नाही.

येवढ्या मोठ्या संहारानंतरही बिबट्या नामशेष झाला नाही. वाघ बहुतेक महाराष्ट्रातून हटला आणि लांडगा विरळ झाला. बिबट्या मात्र टिकून राहिला. लहान भक्ष्यावर गुजराण करण्याची आणि थोड्याशा आडोशात लपून राहण्याची त्याची क्षमता हे याचे कारण होय. आणि तसा आडोसा त्याला विसाव्या शतकात एका अनपेक्षित ठिकाणी मिळाला.

कालवा, ऊस आणि नवे रान :

अहमदनगर हा पर्जन्यछायेतील जिल्हा. येथील इतिहास दुष्काळांनी भरलेला आहे. प्रवरा नदीवरील भंडारदरा धरणाचे काम १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी संगमनेरपासून राहुरी-श्रीरामपूरपर्यंतच्या माळरानाचे रूप पालटले. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्या पाठोपाठ जिल्ह्यात एकामागून एक कारखाने उभे राहिले. पुढे मुळा धरण व कुकडी प्रकल्प यांनी पाणी आणखी दूरवर नेले. सहकाराचा हा इतिहास आपणा सर्वांस परिचित आहे. त्याचे आर्थिक व राजकीय परिणामही पुष्कळ अभ्यासले गेले आहेत. परंतु या पाण्याने जमिनीवरील आडोशाचे स्वरूप कसे बदलले, याकडे इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

जेथे पूर्वी उन्हाळ्यात नजर पोहोचेल तेथवर उघडे माळरान दिसे, तेथे आता दहा-बारा महिने पुरुषभर उंचीचा दाट ऊस उभा असतो. त्यात पाणी आहे, सावली आहे आणि माणसांचा वावर कमी आहे. बांधावर वस्ती आहे, वस्तीवर शेळ्या, कोंबड्या, कुत्री व मांजरे आहेत. बिबट्याच्या दृष्टीने याहून अधिक सोयीचे रान ते कोणते? मादी उसातच पिलांना जन्म देते. तोडणीच्या वेळी फडात पिले सापडणे, ही आता नवलाईची बातमी राहिलेली नाही.

या परिस्थितीचे शास्त्रीय स्वरूप डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात केलेल्या अभ्यासातून पुढे आले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे १७९ चौरस किलोमीटर क्षेत्रात स्वयंचलित कॅमेरे लावण्यात आले. तेथे लोकसंख्येची घनता प्रति चौरस किलोमीटर ३०० हून अधिक होती आणि राखीव जंगल नव्हते. तरीही प्रति १०० चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ४.८ प्रौढ बिबटे व ५ तरस आढळले. पाच नर व सहा माद्यांची छायाचित्रे मिळाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आहारविषयक अभ्यासानुसार येथील बिबट्याच्या भक्ष्याच्या वजनापैकी ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा होता आणि त्यांत कुत्र्यांचा वाटा सर्वाधिक, म्हणजे ३९ टक्के होता. शेळ्यांचा वाटा ११ टक्के होता.

या आकड्यांचा अर्थ स्पष्ट आहे. अहिल्यानगरच्या बागायती पट्ट्यातील बिबट्या हा भरकटलेला पाहुणा नाही. तो त्याच शिवारात जन्मलेला, तेथेच वाढलेला रहिवासी आहे. देशपातळीवरील गणनेनुसार महाराष्ट्रात २०२२ साली १,९८५ बिबटे असल्याचा अंदाज जाहीर झाला. परंतु ही गणना मुख्यतः वनक्षेत्रावर आधारलेली आहे. उसातील बिबटे तिच्यात पुरेसे येत नाहीत. म्हणजे ज्या बिबट्यांविषयी वाद चालू आहे, नेमके तेच मोजदादीच्या बाहेर राहिले आहेत.

१९७२ चा कायदा : अधिकार आणि जबाबदारी :

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई राज्याने १९५१ साली वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा कायदा केला. परंतु धोरणात निर्णायक बदल झाला तो १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने. आज बिबट्या या अधिनियमाच्या अनुसूची एकमध्ये आहे. बक्षीस मिळवून देणारे जनावर शंभर वर्षांच्या आत तुरुंगवास घडविणारे जनावर झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

कायद्याने मारण्यास पूर्ण बंदी घातली आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. कलम ११ नुसार, अनुसूची एकमधील प्राणी मानवी जीवितास धोकादायक झाला असल्यास अथवा बरा होण्यापलीकडे जखमी वा आजारी असल्यास, राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेशाने व कारणे नमूद करून त्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतात. २००२ च्या दुरुस्तीने त्यास आणखी एक अट जोडली गेली. प्राण्यास पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलविणे शक्य नाही, अशी खात्री झाल्याखेरीज ठार मारण्याचा आदेश देता येत नाही. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्भावनेने केलेला वध हा गुन्हा ठरत नाही, अशीही तरतूद त्याच कलमात आहे. मात्र अनुसूची एकमधील प्राण्याने शेळ्या वा वासरे मारली, एवढ्यावरून त्याच्या वधाची परवानगी देता येत नाही. अनुसूची दोनमधील प्राण्यांबाबत मालमत्तेचे नुकसान हेही कारण ठरू शकते. २०२५ च्या अखेरीस बिबट्याची अनुसूची बदलण्याची मागणी राज्यात पुढे आली, तिचे खरे महत्त्व येथे आहे. ती मान्य झाल्यास शेळी मारणारा बिबट्याही मारण्यायोग्य ठरू शकेल.

तात्पर्य, कायद्यात अपवादाची तरतूद आहे आणि ती विशिष्ट प्राण्यापुरती आहे. वसाहतकालीन बक्षीस जातीवर होते, १९७२ चा अपवाद व्यक्तीवर आहे. वैचारिक दृष्टीने हा मोठाच पालट होय. परंतु व्यवहारात एक उणीव राहून गेली. जनावराविषयी निर्णय घेण्याचा अधिकार शासनाने संपूर्णपणे आपल्या हाती घेतला, त्या प्रमाणात संरक्षणाची जबाबदारी मात्र घेतली गेली नाही. जबाबदारीचे रूपांतर नुकसानभरपाईत झाले. राज्यात २०२३ पासून मृताच्या वारसांना २५ लाख रुपये देण्याची तरतूद आहे. ही रक्कम निश्चितच भरीव आहे. परंतु भरपाई ही घटनेनंतरची गोष्ट आहे. ज्याने गावकऱ्याच्या हातातील काठी काढून घेतली, त्याने त्याच्या दारात राखण करावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

पिंजरा : मारणे आणि न मारणे यांमधील मार्ग :

मारणे कायद्याने कठीण आणि काहीच न करणे राजकीयदृष्ट्या अशक्य, अशा परिस्थितीत पिंजरा हा सर्वांस मान्य होणारा मध्यममार्ग ठरला. बिबट्या दिसला की ग्रामपंचायतीचा ठराव होतो, पिंजरा लागतो, आत शेळी बांधली जाते. जो बिबट्या अडकेल त्याला नेऊन दूरच्या जंगलात सोडून दिले जाते. या मार्गात कोणाच्याच हातास रक्त लागत नाही, म्हणून तो नैतिकदृष्ट्या सुरक्षित वाटतो.

शेजारच्या जुन्नर वनविभागाचा अनुभव मात्र निराळा आहे. फेब्रुवारी २००१ पासून तेथे बिबटे पकडून लगतच्या जंगलांत सोडण्याची मोहीम मोठ्या प्रमाणावर राबविण्यात आली. अत्रेय व सहकाऱ्यांच्या २०११ मधील अभ्यासानुसार, मोहिमेपूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते नंतर सरासरी १७ वर गेले. हल्ल्यांपैकी प्राणघातक ठरणाऱ्यांचे प्रमाणही वाढले. अनोळखी प्रदेशात सोडलेले जनावर ताणाखाली असते. त्याला तेथील वाटा, भक्ष्य व वस्त्या माहीत नसतात, आणि पुष्कळदा ते मूळ ठिकाणाकडे परत फिरते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०११ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा स्थलांतराबाबत सावधगिरीची भूमिका घेतली गेली, ती अशा अनुभवांच्या पार्श्वभूमीवर.

या संदर्भात आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण बोलके आहे. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका प्रौढ नर बिबट्यास बाहेर काढून, गळ्यात उपग्रहाद्वारे माग देणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. तो तेथे थांबला नाही. शंभराहून अधिक किलोमीटर अंतर चालून, रस्ते व लोहमार्ग ओलांडून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. वाटेत त्याने कोणा माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. 'आजोबा' या नावाने तो ओळखला जाऊ लागला. २०११ च्या अखेरीस मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला. त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपटही आला. आपण ज्याला 'सोडून दिले' असे म्हणतो, ते जनावर सोडलेल्या जागी राहीलच असे नाही, हे या प्रवासाने दाखवून दिले.

येथे एक सूक्ष्म साम्य नजरेस येते. पिंजराही बक्षिसासारखाच जातीवर काम करतो. शेळीच्या वासाने जो प्रथम येईल तो पकडला जातो. हल्ला करणारा तोच होता काय, हे बहुधा कोणी विचारीत नाही. पिंजऱ्याभोवती जमलेल्या गर्दीस तात्पुरते समाधान मिळते, आणि रिकाम्या झालेल्या क्षेत्रात काही काळाने दुसरा बिबट्या येऊन राहतो.

मारावे की मारू नये : दोन्ही पक्षांचे मूल्यमापन :

मारण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा पक्ष केवळ भावनेचा नाही. त्यांचे म्हणणे तीन मुद्द्यांत सांगता येते. पहिला, बिबट्यांची संख्या उसाच्या पट्ट्यात वाढली आहे. दुसरा, आदेश निघेपर्यंत आणखी बळी जातो. डिसेंबर २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात मारल्या गेलेल्या बिबट्याच्या प्रकरणी बीड व सोलापूर या दोन जिल्ह्यांत अनेकांचे प्राण गेल्यानंतरच तो टिपला गेला. तिसरा, संरक्षणाचा आग्रह धरणारे शहरात राहतात आणि किंमत खेड्यातील माणूस मोजतो. या तिसऱ्या मुद्द्यास सहजासहजी उत्तर देता येत नाही. उसाला पाणी देण्यासाठी रात्री-अपरात्री बांधावर जाणारा शेतकरी आणि फडाच्या कडेला कोपीत झोपणारे ऊसतोड मजुराचे मूल, हेच या संघर्षात सर्वाधिक उघड्यावर आहेत. वीज रात्री मिळते म्हणून शेतकरी रात्री जातो. पाथर्डीसारख्या कोरडवाहू तालुक्यांतील आणि बीड जिल्ह्यातील कुटुंबे पोटासाठी सहा-सहा महिने कोपीत राहतात. त्या कोपीला दार नसते आणि भोवती उजेडही नसतो. उसाने बिबट्याला आसरा दिला, साखरेने जिल्ह्याला समृद्धी दिली, आणि या दोहोंमधील धोका मात्र ज्याच्या मालकीचा ऊसही नाही त्याच्या वाट्यास आला.

मारू नये असे म्हणणाऱ्यांचा पक्षही तितकाच विचारार्ह आहे. सरसकट मारल्याने रिकामी झालेली क्षेत्रे भरून निघतात, हा जुन्नरच्या अनुभवाशी जुळणारा तर्क आहे. चुकीचा प्राणी मारला गेल्यास धोका कायम राहतो आणि लोक मात्र गाफील होतात. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसरात २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारल्या गेलेल्या वाघिणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला होता. तरीही ती कशा पद्धतीने मारली गेली, यावरून दीर्घकाळ वाद झाला. मारण्याचा निर्णय योग्य असला, तरी त्याची अंमलबजावणी संशयास्पद झाल्यास निर्णयाची विश्वासार्हताच नष्ट होते, हा त्या प्रकरणाचा धडा होय.

बारकाईने पाहता दोन्ही पक्षांत एक गृहीतक समान आहे. एक म्हणतो, जंगलातून आलेल्यास संपवा. दुसरा म्हणतो, त्याला त्याच्या जंगलात परत पाठवा. दोघांनाही बिबट्या 'तेथला' वाटतो. उपरोक्त विवेचनावरून दिसून येते की, बागायती अहिल्यानगरात असे 'तेथले' काही उरलेले नाही. परत पाठविण्यासाठी जंगल नाही आणि संपविल्यास ऊस तर उभाच आहे. अकोल्यातील वाघबारशीच्या खेळात पिटाळून लावलेल्या वाघाला जाण्यासाठी शिवाराबाहेर रान होते. ते रान आता शिवारातच येऊन उभे राहिले आहे. म्हणून मारण्याचा प्रश्न हा भरकटलेल्या जनावराचा न राहता शेजारी राहणाऱ्या जनावरांपैकी एखाद्या घातक जनावराचा झाला आहे, आणि त्याचे उत्तरही त्याच पातळीवर शोधावे लागेल.

निष्कर्ष :

१. श्वापदवधाचे शासकीय धोरण बक्षीस, संरक्षण व स्थलांतर अशा तीन टप्प्यांतून गेले. यांपैकी पहिला व तिसरा टप्पा प्रत्यक्ष हल्ला करणारे जनावर ओळखण्यात अपुरा पडला.

२. अहिल्यानगरच्या बागायती पट्ट्यातील बिबट्या हा कालवा, ऊस व सहकार यांच्या इतिहासाचा अनपेक्षित परिणाम आहे. सरसकट वध वा सरसकट स्थलांतर या दोन्ही उपायांनी तो इतिहास पुसला जाणार नाही. २०२५ मध्ये पुढे आलेला नसबंदीचा प्रस्तावही संख्येचा विचार करतो. उघड्यावर झोपणाऱ्या मुलाचा प्रश्न त्याने तत्काळ सुटत नाही.

३. माणसांवर पुनःपुन्हा हल्ला करणाऱ्या विशिष्ट बिबट्यास, पकडणे शक्य नसल्यास, मारावे लागते व कायदा त्यास परवानगी देतो, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु तो प्राणी तोच आहे, हे ठिपक्यांची ठेवण, पाऊलखुणा व जखमेवरील जनुकीय नमुने यांच्या साहाय्याने शक्य तेवढे निश्चित करून, आदेशाची कारणे मराठीत ग्रामसभेपुढे ठेवणे आवश्यक आहे. रास्ता रोकोच्या दबावाखाली निघालेला आदेश आणि पुराव्यावर निघालेला आदेश यांत गावकऱ्यांना फरक दिसला पाहिजे.

४. संरक्षणाची जबाबदारी केवळ वनविभागाची नाही. शेतीसाठी दिवसा वीज देणे, कोप्यांची जागा फडापासून दूर ठेवणे, तेथे उजेड, बंदिस्त निवारा व शौचालये पुरविणे आणि वस्तीभोवतीचा कचरा व मोकाट कुत्री यांचा बंदोबस्त करणे, ही कामे वीज कंपनी, साखर कारखाने व स्थानिक स्वराज्य संस्था यांची आहेत. ज्या व्यवस्थेने उसाचे रान निर्माण केले, तिनेच त्या रानातील धोक्याचा भार उचलणे न्याय्य ठरेल.

समारोप :

बक्षिसाच्या काळात सरकारच्या दप्तरी कातड्यांची संख्या होती, आज भरपाईच्या धनादेशांची संख्या आहे. कोणते जनावर, कोठे, कोणत्या वेळी, कोणत्या परिस्थितीत माणसावर चालून आले, याची गावनिहाय नोंद मात्र तेव्हाही नव्हती आणि आजही सहज उपलब्ध होत नाही. उसाच्या पट्ट्यातील आपल्या महाविद्यालयांना हे काम हाती घेता येण्यासारखे आहे. आपल्या वर्गांत बसणारे अनेक विद्यार्थी वस्तीवरून येतात. कोणत्या बांधावर जनावर बसते आणि कोणत्या वाटेने ते पाण्यावर जाते, हे त्यांच्या घरात माहीत असते. इतिहास, भूगोल व प्राणिशास्त्र या विभागांनी मिळून ही माहिती नोंदवून ठेवली, तर पुढील हंगामात एखाद्या गावास मारण्याविषयीचा निर्णय घ्यावा लागला, तेव्हा त्याच्यापुढे संतापाखेरीज आणखीही काही आधार असेल.